भुयारी दिवे

भुयारे, लेणी, खाणी, भूमिगत जलवाहिन्या व खोल विहिरी यांत शिरताना माणूस जो प्रकाश स्वतःबरोबर नेतो, त्याच्या साधनांना भुयारी दिवे असे म्हणता येईल. घरातील वा रस्त्यावरील दिव्यापेक्षा या दिव्यांकडून असणाऱ्या अपेक्षा वेगळ्या असतात. दिवा हातात वा डोक्यावर वाहून नेता आला पाहिजे. ठिबकत्या पाण्याने वा धक्क्याने तो विझता कामा नये. परतीच्या वाटेपर्यंत तो पुरला पाहिजे आणि बंदिस्त जागेतील हवा त्याने बिघडवता कामा नये. या अटींपैकी शेवटची अट सर्वांत जुनी असून तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले आहे. भुयारी दिव्यांचा इतिहास सामान्यतः वाढत्या प्रखरतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. परंतु प्रकाश व हवा यांच्या परस्परसंबंधाचाही तो इतिहास आहे. ज्योतीचा दिवा अंधुक असे आणि धूरही करी. पण हवा दूषित असल्यास तो मंदावून वा विझून तशी सूचना देत असे. विजेचा दिवा कितीही प्रखर असला, तरी ही सूचना देत नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. मेघालय वा आंध्र प्रदेशातील चुनखडकांत पाण्याच्या विद्रावक क्रियेने जशा मैलोगणती लांबीच्या नैसर्गिक गुहा तयार झाल्या, तशा या खडकात होत नाहीत. त्यामुळे येथील भूमिगत पोकळ्या बव्हंशी माणसाने छिन्नी-हातोड्याने, पहारीने वा सुरुंगाच्या दारूने कोरलेल्या आहेत. परभणी जिल्हा याला अपवाद नाही. जिंतूरजवळील नेमगिरीच्या जैन गुंफांत अरुंद दारांतून वाकूनच आत जावे लागते. चारठाण्याची प्राचीन मंदिरे व सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव प्रसिद्ध आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील पेडगावसारख्या गावांच्या शिवारांत मात्र भूमीच्या पोटात उतरण्याचा प्रसंग येतो तो मुख्यतः विहिरीच्या निमित्ताने. काळ्या मातीचा थर संपला की मुरूम, मुरमाखाली कठीण खडक आणि त्याच्या भेगांतून पाझरणारे पाणी, अशी या विहिरींची रचना असते. या भागात भुयार म्हटले की आणखी एक गोष्ट हटकून ऐकावयास मिळते. गावच्या गढीतून अथवा देवळाच्या गाभाऱ्यातून निघालेले भुयार कित्येक कोसांवरील दुसऱ्या गावी उघडते, अशी ती आख्यायिका होय. चांगला दिवा घेऊन आत गेल्यास अशी बहुतेक भुयारे थोड्याच अंतरावर बुजलेली अथवा मुळातच आखूड असलेली आढळतात. ती धान्याचे पेव, तळघर वा पाण्याची वाट असल्याचे दिसून येते. आख्यायिका टिकण्यास दिव्यांचा तोकडेपणा बऱ्याच अंशी कारणीभूत झाला असावा. जेथे दिवा विझला, तेथून पुढे कल्पनेला मोकळीक मिळाली.

मराठीत ज्योतीच्या वाहत्या दिव्यांना असलेली नावे पाहिली, तरी त्यांच्या वापराची व्याप्ती लक्षात येते. गवताची वा काटक्यांची पेटवलेली जुडी म्हणजे चूड, चिंध्यांचा पीळ तेलात भिजवून केलेला काकडा, तसाच पलिता व टेंभा, धातूच्या दांड्याची दिवटी, तसेच हिलाल व मशाल ही त्यांतील प्रमुख होत. दिवटी धरणाऱ्यास दिवट्या व मशाल धरणाऱ्यास मशालजी म्हणत. खंडोबाच्या उपासनेत दिवटीबरोबर बुधली असते. बुधली म्हणजे दिवटीवर तेल ओतण्याचे भांडे. ही जोडी धार्मिक खूण म्हणून आज परिचित असली, तरी तिच्यामागे एक व्यावहारिक सत्य आहे : मशालीचा प्रकाश तेलाच्या साठ्याइतकाच टिकतो आणि तेल वाहून नेणारा माणूस मशाल धरणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. मराठवाड्यात करडई व जवस यांची तेले सहज मिळत. ती जाळल्यावर काजळी पुष्कळ धरते. उघड्या माळावर या काजळीचे काही वाटत नाही. भुयारात मात्र ती छताला, भिंतीला आणि श्वासनलिकेला चिकटते.

मशाल व भुयार यांचा सर्वांत बोलका नमुना देवगिरी ऊर्फ दौलताबाद येथील किल्ल्यात आहे. यादवांच्या या राजधानीस १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दौलताबाद हे नाव देऊन आपली राजधानी तेथे हलविली. डोंगराचे कडे सर्व बाजूंनी तासून उभे केलेले, पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक आणि खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे नेणारा खडकाच्या पोटातील वळणावळणाचा चढता मार्ग, अशी तेथील संरक्षणव्यवस्था आहे. या मार्गास ‘अंधारी’ म्हणतात. त्यात शिरणाऱ्यापुढे दोनच पर्याय उरत. दिवा न घेता गेल्यास असमान पायऱ्या व फसवी वळणे त्याला अडवीत. दिवा घेऊन गेल्यास तो स्वतः उजेडात येई आणि अंधारात दबा धरून बसलेल्या रक्षकास त्याचा नेम धरणे सोपे होई. शिवाय भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण असून तेथे आग पेटवून धूर आत सोडण्याची सोय होती, असे जुन्या वर्णनांतून आढळते. धूर भरलेल्या अरुंद मार्गात मशाल पेटत राहत नाही आणि मशालजीही तग धरू शकत नाही. प्रकाश व हवा या दोन्हींवर एकाच वेळी घाला घालणारी ही योजना होती. १६३३ मध्ये महाबतखानाने किल्ल्यास वेढा घातला, तेव्हा सुरुंग लावून बाहेरचे तट फोडण्यात आले. बालेकिल्ला मात्र अन्नधान्य संपल्यावर शरण आला. पुढे किल्ला प्रेक्षणीय स्थळ झाल्यावर हाच मार्ग पाहण्यासाठी वाटाडे मशाली पेटवून प्रवाशांना नेऊ लागले. छतावर लटकलेली वटवाघळे, कुबट वास व धुराने झोंबणारे डोळे यांचा अनुभव घेतलेले लोक अद्याप आहेत. विजेरीच्या सरळ झोतापेक्षा मशालीच्या हलत्या उजेडात त्या भुयाराची भीती अधिक कळते, हेही खरे आहे.

दौलताबादेजवळच्या खडकी, म्हणजे पुढील औरंगाबाद व सांप्रतच्या छत्रपती संभाजीनगर, येथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भूमिगत जलवाहिनी बांधविली. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. याच सुमारास तापीकाठच्या बऱ्हाणपुरात ‘कुंडी भंडारा’ ही तशीच योजना झाली. अशा नळांवर ठराविक अंतराने जमिनीपर्यंत येणारी उभी विवरे ठेवलेली असतात. खोदलेला राडारोडा वर काढणे, गाळ उपसणे व पाणी शेंदणे हे त्यांचे उघड उपयोग होत. परंतु खाली काम करणाऱ्यास त्यांतूनच उजेड व ताजी हवा मिळे, हा उपयोग त्याहून कमी नव्हता. सतराव्या शतकातील कारागिरांनी भुयारी दिव्याचा प्रश्न दिवा सुधारून न सोडविता भुयाराची रचना बदलून सोडविला, असे म्हणावे लागेल. विवरे बुजविली गेली अथवा त्यांवर बांधकामे झाली, की नळाचा तो भाग एकदमच अंधाराचा व कोंदट हवेचा होतो. अशा नळांच्या पाहणीत दिव्याचे महत्त्व त्यामुळे आज मूळच्यापेक्षा वाढले आहे.

मशालीने किती हानी होते, याचा धडा अजिंठ्याने दिला. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तेथील दहाव्या लेण्यात आपले नाव व दिनांक कोरून ठेवला. त्यापूर्वीही लेणी स्थानिकांना अज्ञात नव्हती. साधू व गुराखी तेथे राहत, चुली पेटवीत आणि चित्रांवर काजळी बसत असे. ख्याती पसरल्यावर त्यात मशाली घेऊन येणाऱ्या प्रवाशांची भर पडली. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून चित्रांच्या नकला करण्यास आरंभ केला, तर जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात ते काम केले. चित्रे उठून दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांवर रोगण चढविण्यात आले. हे रोगण कालांतराने पिवळे पडून काळवंडले व त्याखाली काजळी कायमची बंदिस्त झाली. अंधाऱ्या लेण्यात पुरेसा व निर्धूर प्रकाश उपलब्ध असता, तर रोगण देण्याचा मोह कदाचित टळला असता. गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ साली व ग्रिफिथ्स यांच्या अनेक नकला १८८५ साली इंग्लंडमध्ये आगीत नष्ट झाल्या. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुरातत्त्व खाते स्थापन झाले. लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ञांना बोलावून १९२०–२२ मध्ये चित्रांची सफाई व डागडुजी करून घेण्यात आली. गुलाम याझदानी यांचा अजिंठ्यावरील चित्रग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. या सर्व काळात लेण्यांतील वाटाड्यांनी एक साधी युक्ती वापरात ठेवली होती. दाराबाहेर आरसा व आत पांढरे कापड धरून सूर्याचा प्रकाश हव्या त्या भिंतीवर वळवावयाचा. हा प्रकाश मऊ असतो, धूर करीत नाही आणि कोणतेही इंधन मागत नाही. एकच अडचण अशी, की तो सूर्याच्या वेळेने मिळतो व दारापासून दूरच्या कोपऱ्यात पोहोचत नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न वापरता, अत्यंत मंद प्रकाशात दीर्घकाळ उघडीप देऊन या चित्रांची छायाचित्रे घेतली. प्रकाश वाढविण्याऐवजी तो ग्रहण करण्याची क्षमता वाढविण्याचा हा मार्ग होता.

कृत्रिम प्रकाशात भूमिगत छायाचित्रण करण्याचे प्रयत्न यूरोपात १८६० नंतर सुरू झाले होते. नादार या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या भुयारी अस्थिगृहात १८६१ च्या सुमारास विद्युत् प्रज्योत दिवा वापरला. त्यासाठी लागणारे विद्युत् घट इतके अवजड होते, की ते पुष्कळदा जमिनीवरच ठेवून तारा खाली सोडाव्या लागत. त्यानंतर आलेली मॅग्नेशियमची तार वाहून नेण्यास हलकी व प्रकाशास अत्यंत शुभ्र होती. तथापि तिच्या ज्वलनातून निघणारा पांढरा धूर बंद गुहेत लवकर खाली बसत नाही आणि दुसरे छायाचित्र घेणे अवघड होते.

दिवा व हवा यांच्या संबंधाचा शास्त्रीय विचार प्रथम कोळशाच्या खाणींनी करावयास लावला. इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मृत्युमुखी पडली. कोळशाच्या थरांतून निघणारा मिथेन वायू हवेत सु. ५ ते १५ टक्के मिसळला असता उघड्या ज्योतीने भडका घेतो. सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली. जाळी उष्णता झपाट्याने पसरविते, त्यामुळे आतील ज्वाला बाहेरच्या वायूस पेटविण्याइतकी तापू शकत नाही. विल्यम क्लॅनी व जॉर्ज स्टीफन्सन यांनीही याच सुमारास सुरक्षादीप बनविले होते आणि अग्रमानाचा वाद बराच काळ चालला. या दिव्याचा दुसरा गुण असा, की तो वायुपरीक्षकही ठरला. वात बारीक केली असता मिथेनच्या उपस्थितीत ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते व तिच्या उंचीवरून वायूचे प्रमाण अजमावता येते. ऑक्सिजनाचे प्रमाण सु. १६–१७ टक्क्यांपर्यंत उतरले की ज्योत विझते. माणूस त्या हवेत लगेच मरत नाही. परत फिरण्यास त्याला थोडा अवधी मिळतो. ज्योत माणसाच्या आधी दम सोडते, हाच तिचा उपयोग होय.

सुरक्षादीपाने अपघात लगेच कमी झाले नाहीत. पूर्वी वायूमुळे टाकून दिलेले थर खाणमालक दिव्याच्या भरवशावर खोदू लागले. जाळ्या फाटत, वाऱ्याच्या झोताने ज्योत जाळीबाहेर येई आणि प्रकाश मेणबत्तीहूनही कमी पडत असल्याने कामगार जाळी काढून काम करीत. वर्षानुवर्षे अंधुक उजेडात काम करणाऱ्या खाणकामगारांत बुबुळे सतत थरथरण्याचा विकार आढळू लागला. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर ज्योतीला कळतच नाही. त्यासाठी पिंजऱ्यातील पक्षी नेण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. महाराष्ट्रात वर्धा खोऱ्यात वरोरा येथे १८७० नंतर कोळशाची खाण सुरू झाली व विसाव्या शतकाच्या आरंभी ती बंद पडून बल्लारपूरकडे काम सरकले. हा कोळसापट्टा राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ पासून, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आहे. भारतातील खाणींत कामगाराच्या टोपीवर विजेचा दिवा आणि देखरेख करणाऱ्याच्या हाती वायुपरीक्षेसाठी ज्योतीचा सुरक्षादीप, अशी विभागणी दीर्घकाळ रूढ होती. ती अर्थपूर्ण होती. पाहण्याचे काम एका दिव्याकडे आणि हवा तपासण्याचे दुसऱ्याकडे सोपविले गेले. पुढे दुसऱ्या दिव्याची जागा बव्हंशी विद्युत् मिथेनमापकांनी घेतली.

कोळशाव्यतिरिक्त अन्य खाणींत व गुहासंशोधनात मधली काही दशके कार्बाइड दिव्याची होती. टॉमस विल्सन यांना १८९२ साली अमेरिकेत कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणात बनविण्याची रीत सापडली. कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो व लहानशा छिद्रातून तो पांढऱ्या, स्थिर ज्योतीने जळतो. पितळी डबीमागे चकचकीत परावर्तक बसवून १९०० पासून हा दिवा टोपीवर लावता येऊ लागला. गुहाविज्ञानाचे एक प्रवर्तक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी १८८९ साली फ्रान्समधील पादिराक विवरात प्रवेश केला, तो मेणबत्त्या व मॅग्नेशियम यांच्या साहाय्याने. त्यांच्या नंतरच्या पिढीने कार्बाइड दिवा आपलासा केला. आपल्याकडे तो जत्रेतील दुकाने व सायकली यांमुळे परिचित झाला. त्याचा लसणीसारखा उग्र वास जुन्या लोकांना आठवतो. वरातीतील गॅसबत्ती ही त्याहून निराळी. तीत दाबाखालील रॉकेलच्या वाफेने थोरियमयुक्त जाळी तापून प्रकाशते. प्रकाश भरपूर, पण जाळी इतकी नाजूक की भुयारात एक धक्का तिला पुरेसा होई.

विजेरीचा उगम शुष्क घटात आहे. कार्ल गास्नर यांनी १८८० नंतरच्या दशकात न सांडणारा घट तयार केला आणि १८९९ साली डेव्हिड मिझेल यांना नळकांडीच्या आकाराच्या हातदिव्याचे एकस्व मिळाले. आपल्याकडे या दिव्यास ‘बॅटरी’ हेच नाव रूढ झाले, हे लक्षणीय आहे. खेडुताच्या दृष्टीने दिव्यापेक्षा त्यातील मसाला महत्त्वाचा, कारण पैसे त्याला पडत. खाणींसाठी एडिसन यांचा पुनर्भारणक्षम घटाचा टोपीदिवा १९१५ च्या सुमारास आला. घट कमरेला, दिवा कपाळावर व दोहोंमध्ये तार, ही त्याची ठेवण बरीच वर्षे कायम राहिली. टंगस्टन तंतूच्या दोन घटी विजेरीचा प्रकाश एक-दोन मेणबत्त्यांइतकाच असे, परंतु परावर्तकाने एकवटल्यामुळे तो दूर जाई. खरी उडी दोन निराळ्या शोधांनी घडविली. १९९१ साली लिथियम-आयन घट बाजारात आला आणि १९९३ साली शूजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा प्रकाश-उत्सर्जक डायोड बनविला; त्यावर फॉस्फराचा थर देऊन पांढरा प्रकाश मिळविता येऊ लागला. निळ्या डायोडाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मेणबत्ती सु. १२ ल्युमेन प्रकाश देते. मुठीत मावणारा आजचा एलईडी दिवा हजार ल्युमेनपेक्षा अधिक देऊ शकतो व तंतुदिव्याच्या मानाने फारच थोडी वीज खातो.

एवढा प्रकाश हाती आल्यावर तो कसा वापरावा, हा प्रश्न निर्माण झाला. धूळ वा बाष्प असलेल्या भुयारात डोळ्यांजवळचा प्रखर झोत कणांवरून परत फिरून समोर पांढरा पडदा उभा करतो; अशा वेळी दिवा कमरेच्या उंचीवर धरल्यास अधिक दिसते. कपाळावरील दिव्याने खडकाचे उंचसखलपण सपाट भासते व पायरीची कड चुकते, तर बाजूने धरलेल्या हातदिव्यात छिन्नीचे घाव व झिजलेले शिलालेखही उठून दिसतात. अभिलेखांचे वाचन करणाऱ्यांना ही तिरप्या प्रकाशाची युक्ती चांगली ठाऊक आहे. रुंद झोत चालण्यास व अरुंद झोत अंतर पाहण्यास उपयोगी पडतो. कुशल गुहासंशोधक प्रत्येकी तीन स्वतंत्र दिवे बाळगतात. कायमच्या दिव्यांभोवती ओलसर खडकावर शैवले वाढतात व वटवाघळांच्या वसाहती उठून जातात. या दृष्टीने थोड्या वेळासाठी नेलेला हातदिवा कमी उपद्रवी होय.

मात्र विहिरीच्या बाबतीत या प्रगतीने एक नवे संकट आणले. बरेच दिवस बंद असलेल्या वा कुजका पाला साचलेल्या विहिरीत तळाशी कार्बन डाय-ऑक्साइड साठून ऑक्सिजन कमी पडतो. उतरण्यापूर्वी दोरीने पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची रीत खेड्यापाड्यांत होती. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. घरोघरी विजेरी आल्यावर कंदील अडगळीत गेला. विजेरीच्या झोतात विहिरीचा तळ लख्ख दिसतो, आणि जे दिसते ते सुरक्षित वाटते. प्रथम उतरलेला माणूस कोसळला की त्यास वाचविण्यासाठी दुसरा व त्याच्यामागून तिसरा उतरतो, असा या अपघातांचा ठराविक क्रम असतो. कंदिलाच्या परीक्षेसही मर्यादा आहेत. विहिरीत उतरविलेल्या डिझेल वा पेट्रोल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही, आणि गोबरवायूची टाकी, मैल्याची टाकी यांसारख्या ठिकाणी तर उघडी ज्योत नेणे म्हणजे स्फोटास निमंत्रण होय. तेथे वायुमापकाशिवाय उतरू नये. साध्या विहिरीसाठी जाणकार पाथरवट अजूनही तीन गोष्टी सांगतात : आधी कंदील सोडावा, पाण्याचे फवारे मारून वा झाडाची फांदी वरखाली करून हवा हलवावी, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याची दोन टोके वर उभ्या असलेल्या दोघांच्या हाती द्यावीत.